दार्जिलिंगची वाफेची गाडी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वाफेच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला सगळ्यांत कमी काय दिसत असेल, तर ते वाफेचं इंजिन. आपण डब्यात असतो, ते गाडीच्या टोकाला असतं. खिडकीतून धूर येतो, शिट्टी ऐकू येते, आणि बघता बघता फेरी संपते. दार्जिलिंगच्या टॉय ट्रेनमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं. गाडीत बसायचंच, पण या भेटीतला निम्मा आनंद फलाटावर, इंजिनांच्या शेडसमोरच्या रस्त्यावर आणि घूम स्टेशनच्या संग्रहालयात आहे. तो हातचा जाऊ नये म्हणून काय आधी करायचं, काय नंतर, ते क्रमाने सांगतो.

आधी गाडीची थोडी ओळख. सिलिगुडीहून दार्जिलिंगला चढणारा हिल कार्ट रोड बैलगाड्यांच्या काळापासूनचा. त्याच रस्त्याच्या कडेने रूळ टाकायची कल्पना ईस्टर्न बेंगॉल रेल्वेच्या फ्रँकलिन प्रेस्टेज यांची. १८७९ मध्ये काम सुरू झालं आणि १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचलीसुद्धा. दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट, आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीइतकंच. सगळ्या मार्गावर एकही बोगदा नाही. चढ आवाक्याबाहेर गेला की रूळ स्वतःभोवतीच वेटोळं घेऊन वर चढतात, नाहीतर गाडी पुढे जाते, मग मागे, मग पुन्हा पुढे, अशी इंग्रजी झेड अक्षरासारखी वर सरकते. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. हा मान मिळालेली ती भारतातली पहिली रेल्वे. निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याची २००८ मध्ये तिच्या मागोमाग आली.

आधी ठरवा: वाफ की डिझेल

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि चूकही इथेच होते. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग हा सुमारे ८८ किलोमीटरचा पूर्ण प्रवास रोजच्या गाडीने करता येतो, पण त्या गाडीला डिझेल इंजिन असतं आणि दिवसाचे सात तास तरी त्यात जातात. ज्यांना डोंगर, चहाचे मळे, झेड आणि वेटोळी (लूप) सगळं बघायचंय त्यांनी तो जरूर करावा. वाफेच्या इंजिनासाठी मात्र वेगळं तिकीट काढावं लागतं: दार्जिलिंगहून घूमपर्यंत आणि परत, अशी साधारण दोन तासांची जॉय राइड.

आता खरी मेख. या जॉय राइडच्याही दोन जाती आहेत. काही फेऱ्या वाफेच्या इंजिनाने होतात, काही डिझेलच्या. मार्ग तोच, थांबे तेच, नावही तेच. मी पहिल्या वेळी घाईत मिळेल ती वेळ घेतली. फलाटावर गेलो तर समोर डिझेल इंजिन गुरगुरत उभं. मुलीला महिनाभर "आगीनगाडी, आगीनगाडी" म्हणून सांगितलं होतं. तिने एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आरक्षण करताना फेरीच्या वर्णनात 'स्टीम' हा शब्द डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे भरा. भाडं हीसुद्धा एक खूण: वाफेची फेरी डिझेलपेक्षा बरीच महाग असते. शोधताना निघण्याचं स्थानक दार्जिलिंग टाकायचं, पोचण्याचं म्हणजे जॉय राइडसाठी दिलेला वेगळा कोड, डीजेआरझेड. 'घूम' टाकून शोधत बसलात तर जॉय राइड सापडेलच असं नाही. मे महिना, दुर्गापूजा, दिवाळी या दिवसांत जागा भराभर जातात. त्या काळात जायचं असेल तर आधी गाडीचं तिकीट आणि मग हॉटेल.

आणखी एक. यातली बहुतेक इंजिनं शंभरी ओलांडलेली आहेत. एखाद्या सकाळी एखादं आजारी पडतं आणि फेरी रद्द होते किंवा बदलते. दार्जिलिंगला तीन मुक्काम असतील तर फेरी दुसऱ्या दिवशी ठेवा, तिसरा दिवस हाताशी राहतो. परतीच्या दिवशी तर कधीच ठेवू नका.

कधी जायचं, काय न्यायचं

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आकाश स्वच्छ असतं आणि कांचनजंगा दिसण्याची आशा सगळ्यांत जास्त. मार्च ते मे हवा छान, पण डोंगर बऱ्याचदा धुरकट. पावसाळ्यात या डोंगरांत दरडी कोसळतात. २०१० मध्ये खालच्या मार्गावर रूळच वाहून गेले आणि सिलिगुडी-दार्जिलिंग सलग गाडी पुन्हा धावायला २०१५ उजाडलं. जून ते सप्टेंबर टाळलेलंच बरं.

महाराष्ट्रातून जाताना बागडोगरापर्यंत विमान किंवा न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे, आणि तिथून जीप. वाटेतल्या कोंडीचा हिशेब करून चारेक तास धरून चला.

कपडे गडद रंगाचे घाला. धुरातून कोळशाचे बारीक कण उडतात आणि पांढऱ्या स्वेटरवर ते लगेच दिसतात. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा गॉगलसुद्धा चालेल. उघड्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यात कण जाणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालू नका. घूम दार्जिलिंगपेक्षा उंचावर आहे आणि तिथे भर दुपारीसुद्धा धुकं उतरतं, म्हणून कानटोपी बरोबर ठेवा. तान्हं मूल असेल तर त्याच्या कानांसाठी काहीतरी हवंच, कारण गाडी भर रस्त्यातून जाते आणि शिट्टी सतत वाजते.

फेरीच्या आदल्या दिवशी: घूमचं संग्रहालय

जॉय राइड घूमला साधारण अर्धा तास थांबते आणि त्यात संग्रहालय बघावं अशी अपेक्षा असते. माझं मत वेगळं आहे. अर्ध्या तासात उतरणारी सगळी गर्दी एकदम त्या छोट्या खोल्यांत शिरते आणि बाहेर इंजिन जे काही करतं ते सगळ्यांचंच हुकतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी दार्जिलिंगहून शेअर जीपने घूमला जा. अंतर सात-आठ किलोमीटर. संग्रहालयाची वेळ दार्जिलिंग स्टेशनवर आधी विचारून घ्या.

घूम हे भारतातलं सगळ्यांत उंच रेल्वे स्थानक, उंची २,२५८ मीटर. संग्रहालय स्टेशनच्या इमारतीतच, वरच्या मजल्यावर आहे आणि मोठ्या वस्तू बाहेर जुन्या मालधक्क्याच्या आवारात ठेवल्या आहेत. भपका नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाशी तुलना करत गेलात तर निराश व्हाल. इथे वस्तू थोड्या आहेत, पण त्यांचं घर हेच आहे.

आत जुन्या छायाचित्रांपुढे वेळ काढा. फोटोतली माणसं आणि गाड्या बघून झाल्या की रुळांकडे बघा: कुठे वेटोळं आहे, कुठे झेड आहे, रस्ता रुळांना कुठे छेदतो. दुसऱ्या दिवशी खिडकीतून यातलंच काही समोर येतं आणि ओळख पटते. या रेल्वेला एके काळी फाटेही होते. त्यातला तीस्ता खोऱ्यातला फाटा १९५० च्या पुरात गेला आणि पुन्हा बांधलाच नाही.

बाहेरच्या आवारात 'बेबी सिवोक' आहे. जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कारखान्याचं हे इंजिन इतकं लहान आहे की मोठा माणूस शेजारी उभा राहिला तर दोघं जोडीदार वाटतात. याच्याजवळ दहा मिनिटं द्या, कारण दुसऱ्या दिवशीचं इंजिन गरम असतं, त्याच्या जवळ जाता येत नाही. हे थंड आहे. चाकाला जोडलेला दांडा कुठून निघतो, कुठे अडकतो, सिलिंडर (वाफ ज्यात शिरून दांडा ढकलते ते नळकांडं) कुठे आहे, हे बोटाने माग काढत बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच शोधायला सांगा.

वेळ उरला तर जवळच यिगा चोलिंग मठ आहे, १८५० चा. तिथली मैत्रेय बुद्धाची मूर्ती बघून परत या.

फेरीच्या दिवशी: तासभर आधी पोचा

तिकिटावरची वेळ ही गाडी सुटायची वेळ. इंजिनाचा दिवस त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला काही तास लागतात; म्हणजे आपण अंथरुणात असताना कुणीतरी शेगडी पेटवलेली असते. इंजिनांची शेड स्टेशनच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. आत परवानगीशिवाय शिरू नका, पण कडेला उभं राहूनही पुष्कळ दिसतं. कामावरच्या माणसांना इकडे "दाजू" म्हणतात, म्हणजे नेपाळीत दादा. "दाजू, फोटो काढू का?" एवढं हसून विचारलं तर बहुतेक वेळा मान हलते, आणि कधी कधी केबिनजवळ बोलावणंही येतं.

इंजिन बघायचं म्हणजे काय बघायचं? दार्जिलिंगची वाफेची इंजिनं 'बी' वर्गाची. ब्रिटनच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीने १८८९ मध्ये हा नमुना काढला आणि पुढच्या चार दशकांच्या आत एकूण ३४ इंजिनं झाली. काही अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यात बनली, तर तीन याच मार्गावरच्या तीनधारियाच्या कारखान्यात, म्हणजे इथल्याच हातांनी. इंजिनाच्या अंगावर नंबर असतो, काहींना नावंही आहेत. ८०५ नंबरचं 'आयर्न शेर्पा'. नंबर वहीत टिपून ठेवा, पुन्हा आलात तर भेट तरी कुणाची झाली ते कळतं.

चाकं मोजा: चारच. चारही दांड्याने एकमेकांना बांधलेली, प्रत्येकाचा व्यास जेमतेम २६ इंच. लहान चाक म्हणजे वेग कमी, ओढ जास्त. बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकलेली आहे ती पाण्याची टाकी. तिचं वजन थेट चाकांवर येतं आणि चाकं रुळाला घट्ट धरतात. मागे ओढायला वेगळा कोळशाचा डबा नाही. कोळसा केबिनच्या पुढे, इंजिनाच्या अंगावरच ठेवलेला असतो, आणि त्यातच एक माणूस उभा राहून हातोड्याने मोठी ढेकळं फोडत असतो. फायरमन ते तुकडे घेऊन आगीत टाकतो. ढेकूळ मोठं राहिलं तर वरून जळतं, आतून कच्चं राहतं. फार चुरा झाला तर धुराड्यातून उडून जातो. नेमक्या मापाचा तुकडा पाडणं हे त्याचं कौशल्य. मी पाहिलेल्या माणसाने सुटायच्या आधीच्या वीस मिनिटांत एकदाही मान वर केली नाही.

आणि इंजिनाच्या टोकाला बघा. तिथे, बफरच्या (धक्का झेलणाऱ्या) पाटावर बसून गाडीबरोबर जाणारी माणसं दिसतील. त्यांचं काम वाळू टाकणं. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, वर धुक्याचा ओलावा आणि कुजलेली पानं. चाक जागच्या जागी गरगर फिरायला एवढं पुरतं. तेव्हा हा माणूस मुठीतून कोरडी वाळू बारीक धारेने रुळावर सोडतो आणि चाकाला धर मिळतो. जास्त पडली तर गाडी जड जाते, कमी पडली तर घसरते. दीडशे वर्षं होत आली, या कामाला अजून मूठच लागते.

केबिनजवळ जायला मिळालं तर काचेची उभी नळी शोधा. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्यात दिसतं, आणि ड्रायव्हर-फायरमनची नजर सारखी तिकडे वळत असते. शेगडीच्या माथ्यावर पाणी असायलाच हवं. ते खाली उतरलं तर तिथला धातू तापून मऊ पडतो, आणि मग बॉयलर फुटण्याची भीती असते.

डब्यात

दार्जिलिंगहून घूमकडे जाताना गाडी जवळपास १८० मीटर वर चढते. येताना तेवढाच उतार. याचा अर्थ साधा आहे: इंजिनाचं सगळं काम जाताना होतं. आवाज रेकॉर्ड करायचा असेल, धूर बघायचा असेल, तर जातानाच. येताना ब्रेकची करकर जास्त आणि झुकझुक जवळजवळ नाही.

जागा निवडायची मुभा असेल तर इंजिनाच्या लगतचा डबा घ्या. दम्याचा त्रास असलेल्यांनी लांबचा घ्यावा आणि तोंडाला रुमाल ठेवावा.

त्या झुकझुकीकडे लक्ष द्या, कारण ती नुसता आवाज नाही. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ वाया घालवत नाहीत, ती धुराड्यातून जोराने वर सोडतात. जाताना ती आतला धूर ओढून नेते, आणि त्याच्या जागी शेगडीत खालून ताजी हवा शिरते. चुलीला आपण फुंकणीने वारा घालतो. इथे इंजिन स्वतःची चूल स्वतःच फुलवतं. चढ कडक झाला की वाफ जास्त लागते, वाफ जास्त गेली की हवेची ओढ वाढते, ती वाढली की आग भडकते, आणि आग भडकली की पुन्हा वाफ. ज्या क्षणी ताकद हवी त्याच क्षणी ती तयार होते. दोन सिलिंडर, दोन्हींमध्ये वाफ आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार 'झुक'. या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण दर अर्ध्या मीटरला एक. डोळे मिटून मोजायचा प्रयत्न करा. चढावर ते जड आणि सुटे ऐकू येतात, सपाटीवर एकमेकांत मिसळतात. मध्येच लय तुटून एकदम धडधडाट झाला तर समजा, चाक घसरलं आणि आता वाळू पडतेय.

हात आणि मोबाइल खिडकीबाहेर काढू नका, हे अगदी मनापासून सांगतो. गाडी दुकानांच्या दारांना आणि घरांच्या भिंतींना इतकी लगटून जाते की शोकेसमधल्या वस्तूंवरची नावं वाचता येतात. विजेचा खांब केव्हा समोर येईल सांगता येत नाही.

बतासिया लूपवर दहा मिनिटं

घूमच्या अलीकडे गाडी बतासियाला थांबते. १९१९ मध्ये बांधलेलं हे वेटोळं. रूळ एक पूर्ण फेरा घेऊन स्वतःच्याच वरून जातात आणि तेवढ्या जागेत उंची साधली जाते. मधोमध बाग आहे आणि देशासाठी प्राण दिलेल्या गोरखा जवानांचं स्मारक. स्मारकापाशी आधी दोन क्षण शांत उभे राहा, मग कॅमेरा काढा.

थांबा दहाच मिनिटांचा असतो आणि सगळे कांचनजंगेकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढण्यात गुंततात. तुम्ही बागेतल्या उंच बाजूला जा आणि तिथून रूळ आणि गाडी एकत्र बघा. वेटोळ्याची रचना एका नजरेत कळते. शिट्टी झाली की लगेच डब्यात. गाडी कुणासाठी थांबत नाही. गाडी वेटोळं घेतानाचा फोटो हवा असेल तर तो डब्यातून मिळणारच नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी किरकोळ शुल्क भरून बागेत येऊन थांबा.

घूमला पोचल्यावर

संग्रहालय कालच झालंय, म्हणून तुमच्याकडे पूर्ण अर्धा तास आहे. इंजिनाबरोबर राहा. ते गाडीपासून सुटतं, शेजारच्या रुळावरून पुढे जातं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागतं. सांधेवाला रूळ बदलतो, कुणीतरी वाकून साखळी अडकवतं, ड्रायव्हर केवळ हाताच्या खुणांवर इंजिन इंचाइंचाने मागे घेतो. हे सगळं तुमच्यापासून पाच-सहा पावलांवर चालतं. कधी ड्रायव्हर खाली उतरून तेलाच्या झारीने सांध्यांत तेल सोडतो आणि बेअरिंगला हाताची पाठ लावून बघतो, किती तापलंय ते. इंजिनाच्या बाजूला, सिलिंडरच्या रेषेत मात्र उभे राहू नका. तिथून अचानक गरम वाफ आणि पाणी बाहेर फेकलं जातं. रुळांत तर अजिबात नको, कारण इंजिन आवाज न करताही सरकतं.

येताना खिडकी सोडून माणसं बघा. रस्त्यावरचा दुकानदार गाडी आली की न बघता खुर्ची आत ओढतो. शाळेतली मुलं गाडीच्या बरोबरीने चालतात आणि मागे पडत नाहीत.

परत आल्यावर

दार्जिलिंगला उतरून लगेच मॉल रोडची वाट धरू नका. इंजिन शेडकडे जाताना पाच-दहा मिनिटं मागे रेंगाळा. आता घाई नसते, माणसं मोकळी असतात, प्रश्न विचारायचे असतील तर हीच वेळ. खाली राख ओढून काढतात, तेव्हा लाल निखारे ओल्या जमिनीवर पडून फुसफुसतात.

हॉटेलवर गेल्यावर स्वेटरला काजळी लागलेली दिसेल. ती ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, धाग्यात बसते आणि मग निघत नाही. स्वेटर बाहेर नेऊन उलटा धरा आणि झटका, उरलेलं कोरड्या मऊ ब्रशने. डोळ्यात कण गेला असेल तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. केस मात्र दोनदा धुवावे लागतात.